गवतातला गोल

हरिहर : ‘गद्रे, फोटोत जे उठून दिसतंय ते आधी सोडून द्या. मग बघा.’ अभ्यंकर साहेब नोकरीभर मला हेच सांगत आले.

सुमती : म्हणून तुम्ही पोटचा मुलगा आणि होणारी सून सोडून दिलीत?

हरिहर : सोडली कुठे? बघितली की. तो पळतोय, ती पळतेय, ओढणी उडतेय. लग्नाआधी माणसं शेतातून का पळतात ते मला कळलेलं नाही, पण ते असो. तू ओढणीच्या मागे बघ.

सुमती : मागे गवत आहे.

हरिहर : कसं?

सुमती : वाळलेलं. ऑक्टोबरचं ऊन आहे, वाळणारच.

हरिहर : सगळं वाळलंय?

सुमती : मध्येच एक हिरवी रेघ राहिलीय.

हरिहर : शाब्बास. आता तो ड्रोन वर जाईल. मिठी मारू दे त्यांना... मारली. अजून वर. थांबवतो. आता सांग, रेघ आहे?

सुमती : अगंबाई. गोल आहे की हो!

हरिहर : गोल! अख्खा, वाटोळा, एका बाजूला आत शिरायला जागा सोडलेला! परवा जेवताना तुला सांगितला तो हाच! चौदा वेळा बघितला मी हा व्हिडिओ. त्या फोटोग्राफरला वाटलं, सासऱ्यांना फारच कौतुक आहे.

सुमती : पण गवत गोलच का हिरवं राहावं?

हरिहर : ऐक. फार पूर्वी कुणीतरी इथे गोल चर खणला. गुरं कोंडायला, वस्तीला आडोसा म्हणून, कशालाही. पुढे ती माणसं गेली, चर मातीने भरून गेला. आज तू वरून चालत गेलीस तर तुला पत्ता लागणार नाही. पण भरलेल्या चरात ओल टिकते. आजूबाजूचं गवत पिवळं पडतं, तेवढं हिरवं राहतं. आणि खाली दगड किंवा घट्ट जमीन असेल तर उलट, तिथलं गवत आधी मरतं. म्हणजे गवतच नकाशा काढून देतं. विमानातून काढलेल्या फोटोंवर तोच वाचायचा, त्यासाठी आम्हाला सरकार पगार द्यायचं.

सुमती : आणि किती जुना असेल म्हणता?

हरिहर : मी पाच हजार वर्षं म्हणतोय. जपून म्हणतोय.

सुमती : चहा टाकू?

हरिहर : चहा नको. तुझा चातुर्मासाचा नेम चालू आहे ना?

सुमती : आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत खोटं बोलायचं नाही.

हरिहर : मग मला तूच पाहिजेस. सलिल ‘भारी बाबा, एकदम भारी’ म्हणतो आणि फोन ठेवतो. तू सांग. हा गोल आपोआप झालेला आहे?

सुमती : नाही. माणसांनीच केलाय.

हरिहर : एकदाच केला असेल?

सुमती : नाही हो. दरवर्षी नव्याने आखत असणार.

हरिहर : दरवर्षी! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे वार्षिक उत्सव. माणसं जमत असतील?

सुमती : पुष्कळ. लांबलांबच्या गावांहून.

हरिहर : टोळ्या!

सुमती : प्रत्येक गावाची एक.

हरिहर : आणि मध्ये हा लांबट पिवळा पट्टा बघ. इथे खाली घट्ट काहीतरी आहे. मुख्य विधी इथेच होत असणार. बळी देत असतील?

सुमती : घेत असतील.

हरिहर : देत नाहीत, घेतात... किती खोलात जातेस गं! अंगावर काटा आला माझ्या.

सुमती : मी चहा टाकतेच.

हरिहर : बस. हा पट्टा मी कॉम्प्युटरवर मोजला. वीस मीटर आणि वर टीचभर. काही आठवतं?

सुमती : मला आकड्यांतलं कुठे कळतं?

हरिहर : एक साखळी! आमची मोजणीची साखळी, सहासष्ट फूट! आम्ही समजत होतो, इंग्रज साहेब विलायतेहून घेऊन आला. अगं, तो इथूनच घेऊन गेला असणार!

सुमती : अहो, हे अजून कुणाला सांगितलंत का?

हरिहर : फक्त देवयानीबाईंना. पुण्याच्या. सगळी हयात उत्खननात गेली त्यांची. रविवारी बघायला येतायत.

सुमती : रविवारी? देवा.

हरिहर : देवाचं निघालं म्हणून विचारतो, परवा गणपतीच्या देवळात एवढा वेळ काय पुटपुटत होतीस? बाहेर मी चपला राखत उभा.

सुमती : ते माझं आणि त्याचं होतं.

हरिहर : बरं. आता राघोशेठ येतील. व्याही म्हणून नाही, शेताचे मालक म्हणून बोलावलंय मी त्यांना. त्यांच्या समृद्धीच्या हळदीचा मांडव त्या शेतात घालता येणार नाही.

सुमती : अहो! दोन हजार माणसांची हळद आहे. गावात सगळ्यांना आमंत्रणं गेलीयत. लग्न मोडायचंय का तुम्हाला?

हरिहर : लग्न होऊ दे की, हॉलमध्ये होऊ दे. पण पाच हजार वर्षांवर डीजे लावून नाचायचं? खांबांना खड्डे घ्यायचे? सुमती, नोकरीत असताना मला असाच एक गोल दिसला होता. घोडबंदर रोडला, तेव्हा तिथे नुसतं रान होतं. साहेबांना दाखवला. म्हणाले, आपलं काम रस्त्याचं, रेघ मारा. मी मारली. आता तिथे टॉवर आहेत, आणि मध्ये पोहायचा तलाव बांधलाय. गोल. तिथून जाताना मी मान फिरवून घेतो.

सुमती : हे कधी बोलला नव्हतात.

हरिहर : तू विचारलं नव्हतंस.

(बेल वाजते.)

हरिहर : आले! मी शर्ट बदलतो आणि मोठे प्रिंट काढलेत ते घेऊन येतो. तू बसव त्यांना.

राघो : येहीनबाय, आधी पानी द्या. शीलफाट्याला सव्वा तास ठेवला मना. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधी माजी गाडी. समोसा झाला माजा. याही कुठं हायेत?

सुमती : आत आहेत. राघोशेठ, जरा हळू बोला.

राघो : हलूच बोलतू. यो माजा हलूच हाय.

सुमती : तुमच्या त्या शेतात हिरवा गोल आहे ना...

राघो : बॉन्ड्रीचा? हाय ना! गावदेवी चषक, आखे पट्ट्यान एक नंबर टूर्नामेंट! बारा वर्सं झाली, दर जानेवारीन चुन्याची फक्की टाकतू. ती मातीनं खाल्लीय पार. सगला गवत सुकला तरी ती लाइन हिरवीगार! न् मधी पीच. रोलर फिरवून फिरवून सिमेंट केलाय त्याचा.

सुमती : माहीत आहे मला. सलिलने सांगितलंय.

राघो : सलिलराव! दोन वर्सांमागं म्यान ऑफ द सिरीज! न् माइकवर कोन? आमची समृद्धी. ‘डोंबिवलीच्या पाहुन्यानं आजून एक बॉल आमचे आंब्यावर मारलाय, आंबा उतरवून घ्या’ असा बोलली. आखा गाव हसला. मी तवाच बायकोला, सगुनाला बोल्लो, पोरगी गेली.

सुमती : ते ह्यांना माहीत नाही. ह्यांना वाटतं, ऑफिसात ओळख झाली. दहावीला ह्यांनी सलिलची बॅट माळ्यावर टाकली ती टाकलीच. टीव्हीवर मॅच लागली की हे उठून बाल्कनीत जातात. ट्रॉफी माझ्या देवघराखालच्या कपाटात आहे, पोथ्यांच्या मागे.

राघो : रोज पूजा व्हतेय मंग ट्रॉफीची!

सुमती : हसू नका, ऐका. ह्यांना तो गोल पाच हजार वर्षांपूर्वीचा वाटतोय.

राघो : आमची बॉन्ड्री?

सुमती : हळू! निवृत्त झाल्यापासून हा माणूस सकाळी पेपर वाचायचा आणि दुपारी तोच पेपर परत वाचायचा. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, ‘काम नाही, भूक कुठून लागणार?’ हा गोल दिसला आणि त्या दिवशी दोन पोळ्या मागून घेतल्या. मागून, राघोशेठ. मला सांगवत नाही, आणि खोटंही बोलता येत नाही. माझा नेम आहे.

राघो : माजा नाय.

सुमती : मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये.

राघो : तुमी कायच म्हनू नका. तुमी फकस्त पोहे आना.

हरिहर : या या, राघोशेठ! बसा. काहीतरी सांगायचंय, धक्का बसेल तुम्हाला. तुमच्या शेतात एक...

राघो : गोल हाय.

हरिहर : तुम्हाला ठाऊक आहे?

राघो : आमचा आजा सांगायचा. त्याला त्याचा आजा सांगायचा. ‘राघो, यो देवांचा गोल हाय. त्याच्यान चप्पल घालून जायाचा नाय.’

हरिहर : काय सांगता! किती जुना म्हणायचे?

राघो : तुमी किती बोल्लाव?

हरिहर : पाच हजार वर्षं.

राघो : धा.

हरिहर : दहा हजार?

राघो : सनावाराला पंधरा पन बोलायचा.

सुमती : राघोशेठ, पोहे घ्या. तोंडात घ्या.

हरिहर : थांब गं. आणि हा मधला पट्टा?

राघो : तो? तिथं राजे उभे र्‍हायचे. एक हे टोकाला, एक ते टोकाला.

हरिहर : दोन राजे!

राघो : न् लांबून एक पलत पलत यायचा.

हरिहर : शत्रू?

राघो : शत्रूच. हातान दगूड.

हरिहर : मारायचा?

राघो : मारायचा म्हंजे? राजा नाय हालला तर पाय मोडायचा.

हरिहर : सुमती, लिहून घे.

सुमती : मी लिहिणार नाही. माझा नेम आहे.

हरिहर : लिहिण्याचा आणि नेमाचा काय संबंध? राहू दे, लक्षात ठेवतो मी. आणि गोलाच्या बाहेर हा छोटा चौथरा दिसतो तो?

राघो : तिथं वरडनारा बसायचा. आत काय चाललंय ते सगल्यांना वरडून सांगायचा. न् मधी मधी कोनी कोनी देनगी दिली त्यांची नावं.

हरिहर : देणगीदारांची परंपरा इतकी जुनी आहे! राघोशेठ, तुम्ही माझं काम फार सोपं केलंत. आता हळद तिथे नको, हे मी वेगळं सांगायला नको.

राघो : कंची हलद?

हरिहर : समृद्धीची. जिथे चप्पल घालून जायचं नाही तिथे दोन हजार माणसं कशी नाचवणार?

राघो : याही, मांडव ठरलाय. डीजे ठरलाय. बकरे...

सुमती : राघोशेठ.

राघो : भाज्या. भाज्या ठरल्या.

हरिहर : पण देवांचा गोल आहे. तुमचेच आजोबा म्हणायचे.

राघो : आजा कवा कवा फेकायचा पन.

हरिहर : इतकं तपशीलवार कोण फेकेल? दोन राजे, दगड, ओरडणारा! नाही, नाही. आणि मी तर म्हणतो, ह्यापुढे तिथे काहीच नको. गाडी नको, जेसीबी नको. भोवतीने तारेचं कुंपण घालून टाकू. रविवारी पुण्याच्या बाई येतायत, त्या बघतील, मग रीतसर पाटी लागेल.

राघो : कुंपन? मंग जानेवारीन चषक कुठं भरवू, माजे डोक्यावर?

हरिहर : कसला चषक?

सुमती : पोहे गार होतायत.

हरिहर : कसला चषक, राघोशेठ?

राघो : येहीनबाय, तुमीच सांगा. माजा स्टॉक संपला.

हरिहर : सुमती. तुझा नेम आहे. हा गोल कसला आहे?

सुमती : बाउंड्रीचा.

हरिहर : कशाच्या बाउंड्रीचा?

सुमती : क्रिकेटच्या. दरवर्षी तिथे सामने भरतात. चुन्याची फक्की टाकतात, म्हणून तेवढं गवत हिरवं. मधला पट्टा म्हणजे खेळपट्टी. रोलरने घट्ट झालेली.

हरिहर : आणि साखळी? एक साखळी भरते ती?

राघो : बावीस यार्ड, याही. पीच सगलीकडं बावीस यार्डच.

हरिहर : बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट. सहासष्ट फूट म्हणजे एक साखळी... अरे देवा. आणि दोन राजे?

राघो : बॅट्समन.

हरिहर : दगड?

राघो : टेनिस बॉल. पाय नाय मोडत. ते जरा वाढवून बोल्लो.

हरिहर : आणि तू म्हणालीस, बळी घेतात!

सुमती : घेतातच. त्यात खोटं काय बोलले? सलिलने एका दिवसात पाच घेतले होते.

हरिहर : सलिल? आपला सलिल? तो अजून बॅट धरतो?

राघो : बॅट? आमचे आंब्याची फांदी तोडलीय त्यानं! म्यान ऑफ द सिरीज हाय तुमचा पोरगा.

हरिहर : आणि हे मला कुणीच सांगितलं नाही.

सुमती : तुम्ही विचारलं नव्हतंत. माणसांनी केलाय का, विचारलंत. दरवर्षी करतात का, विचारलंत. क्रिकेटचा आहे का, असं एकदा जरी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.

हरिहर : असं कोण विचारेल? आता देवयानीबाईंना काय सांगू? पुण्याहून बाई बोलावली, ती बाउंड्री बघायला. नकाशे काढण्यात जन्म गेला म्हणून मिरवत होतो मी त्यांच्यापुढे.

राघो : याही, मनाला लावून घेऊ नका. ग्राउंड चांगला हाय आपला. बाईंना पन आवडंल.

हरिहर : पेपर कुठे आहे?

सुमती : कुठला पेपर?

हरिहर : आजचा.

सुमती : सकाळी वाचलात ना तुम्ही?

हरिहर : परत वाचतो. मांडव घाला, राघोशेठ, खुशाल घाला. माझं काही म्हणणं नाही.

राघो : आता असं नका ना बोलू. मना वाइट वाटतंय. मी एवढा आजा उभा केला तुमचेसाठी... फोटू मस्त काढलाय पन. हे आमचं घर. हा आंबा. फांदी मोडलेली पन दिसते. न् हे काय?

हरिहर : कुठे काय?

राघो : हितं, कोपर्‍यान. वड्याचे बाजूला. वाकडी पुसट लाइन.

हरिहर : असेल काहीतरी. मी तिकडे बघितलंच नाही. मधला गोल इतका उठून दिसत होता की...

सुमती : काय झालं? थांबलात का?

हरिहर : ‘जे उठून दिसतंय ते आधी सोडून द्या.’ सुमती, माझा जाड भिंगाचा चष्मा. नाही, हा नको, तो दुसरा. राघोशेठ, इथे फक्की टाकता का कधी?

राघो : छ्या! तिथं निस्ती काट्यांची झाडी. बॉल तिथं गेला तर नवीन घेतो, आनायला कोन जात नाय.

हरिहर : गोठा होता? विहीर? चुलाण? लग्नाचा मांडव?

राघो : कायच नाय. माजे जल्मापासून तिथं काटेच हायेत.

हरिहर : अर्धा गोल आहे. उरलेला ओढ्याने खाल्लाय. आणि नीट वाटोळाही नाही, हाताने, अंदाजाने काढल्यासारखा. ह्याच्याबद्दल आजोबा काय म्हणायचे?

राघो : काय नाय बोलायचा. गावदेवीची आन. ह्याच्याबद्दल आज्यानं एक शबूद काढलेला नाय.

हरिहर : मग शक्यता आहे. नुसती शक्यता, हां. मी किती जुना वगैरे आता काही बोलणार नाही. देवयानीबाईंना फोन करतो, सगळं खरं सांगतो. पहिला क्रिकेटचा निघाला, दुसरा कसला ते माहीत नाही. हसतील. यायचं तर येतील.

राघो : तिथं जनरेटर ठेवायचा व्हता हलदीला. झाडी तोडनार व्हतो उद्या. नाय तोडत. जनरेटर आंब्याखाली घेतू. मांडव र्‍हाऊ दे ना बॉन्ड्रीचे आत?

हरिहर : राहू दे. बाउंड्रीच्या आत काय वाटेल ते करा.

राघो : मंग निघतू. परत तो शीलफाटा काढायचाय.

सुमती : राघोशेठ, मला शेतापर्यंत सोडाल?

हरिहर : आत्ता? तुझं काय काम आहे तिथे?

सुमती : तुम्ही दोन पोळ्या मागून घेतल्यात ना, त्याच दिवशी मी गणपतीला बोलले होते. ‘हा गोल खरा निघू दे, मी त्याला अकरा प्रदक्षिणा घालीन.’

हरिहर : पण कुठे निघाला खरा?

सुमती : निघाला की. माणसांनी केलाय, दरवर्षी आखतात, गावोगावची माणसं जमतात. जुना निघू दे, असं मी म्हटलंच नव्हतं. कसं म्हणणार? कसला आहे ते मला ठाऊक होतं.

हरिहर : ठाऊक होतं तर नवस कशाला बोललीस?

सुमती : तुम्ही जेवत होतात म्हणून.

राघो : येहीनबाय, अकरा म्हंजे चार किलोमीटर व्हतील. न् आत ढेकलं हायेत.

सुमती : होऊ देत. चपला बाहेर काढून ठेवीन. आजोबा म्हणायचे ना.

राघो : आजा काय म्हनत नव्हता हो. मीच थापा मारल्या.

सुमती : तरी काढीन.

हरिहर : डोक्यावर पदर घे, ऊन आहे. आणि ओढ्याच्या बाजूला आलीस की जरा आतून चाल. तिकडच्या रेघेवर पाय नको द्यायला.

सुमती : नाही देत. येते मी. पेपर टीपॉयच्या खालच्या फळीवर आहे. परत वाचायचा म्हणत होतात ना?

हरिहर : नको. सकाळी वाचलाय मी.